आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं: रक्तस्रावाचे आजार, महिला आणि शिबिराची गरज

वस्तीत आरोग्याचे काम करताना पाळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं." आईला नऊ-दहा दिवस जायचे, मावशीलाही तसेच, मग मुलीला जाते यात नवल काय? हे वाक्य मुलीला धीर देण्यासाठी म्हटलेले असते. पण आजार आनुवंशिक असेल तर घरातल्या सगळ्यांना सारखाच त्रास होणे हीच त्याची मोठी खूण असते. ज्या घरात आजी, आई आणि मुलगी तिघींनाही तोच आजार आहे, त्या घरात तुलना करायला निरोगी बाई उरतच नाही. घरचे मापच चुकीचे असते आणि पिढ्यानपिढ्या त्याच मापाने मोजले जाते.

मागच्या वर्षी रक्तस्रावाचे आजार असलेल्या महिला आणि त्यांच्या कुटुंबातील मुली यांच्यासाठी भरलेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात मी समाजकार्यकर्ती म्हणून सहभागी झाले. शिबिर हा प्रकार आपल्याला नवा नाही. श्रामणेर शिबिर असो वा कार्यकर्ता शिबिर, चार दिवस घर सोडून एकत्र राहिल्याने माणसात काय बदलते हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. मात्र एका आजाराभोवती, तेही केवळ महिलांचे शिबिर कशासाठी, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी हे आजार काय आहेत, ते महिलांमध्ये लपून का राहतात, हे समजून घ्यावे लागेल.

रक्त थांबते कसे?

जखम झाली की आधी रक्तवाहिनी आकसते. मग रक्तातील प्लेटलेट्स जखमेपाशी जमून एकमेकींना चिकटतात आणि तात्पुरता बांध घालतात. त्या बांधावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि तो पक्का होतो. हे जाळे विणण्यासाठी रक्तातील अनेक प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. या साखळीतील एखादी कडी कमी असली किंवा नीट काम करत नसली, की रक्त थांबायला वेळ लागतो. यालाच रक्तस्रावाचा आजार म्हणतात.

यातला सर्वांच्या ऐकिवातला आजार म्हणजे हिमोफिलिया. हिमोफिलिया ए मध्ये आठव्या, तर बी मध्ये नवव्या फॅक्टरची कमतरता असते. पण जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांमध्ये सर्वाधिक आढळणारा आजार वेगळाच आहे. त्याचे नाव वॉन विलेब्रँड. वॉन विलेब्रँड हे प्रथिन प्लेटलेट्सना जखमेला चिकटवण्याचे आणि आठव्या फॅक्टरला सांभाळण्याचे काम करते. ते कमी किंवा सदोष असले की नाकातून रक्त येते, हिरड्यांतून येते, अंगावर काळेनिळे डाग पडतात. हा आजार स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच होतो. फरक इतकाच की पुरुषाला दर महिन्याला पाळी येत नाही आणि त्याला बाळंतपणातून जावे लागत नाही. त्यामुळे त्रासाचा मोठा वाटा बाईच्या पदरी येतो.

या आजाराचा शोधच मुळी एका मुलीमुळे लागला. १९२४ मध्ये फिनलंडच्या आलांड बेटांवरील पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीतील डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांच्यापर्यंत पोहोचली. तिच्या काही बहिणी आधीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या कुटुंबाचा अभ्यास केला आणि हा हिमोफिलियापेक्षा वेगळा, महिलांनाही होणारा आजार आहे, हे १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. ती मुलगी पुढे किशोरवयात, चौथ्या पाळीच्या वेळी झालेल्या रक्तस्रावाने मरण पावली. या गोष्टीला आता शंभर वर्षे झाली. तरीही पाळीतला अतिरक्तस्राव हा रक्ताचा आजार असू शकतो, ही माहिती आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलेली नाही.

याशिवाय काही दुर्मीळ आजार आहेत. ग्लान्झमन या आजारात प्लेटलेट्सची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. सातव्या, दहाव्या किंवा तेराव्या फॅक्टरची कमतरता असते. तेरावा फॅक्टर कमी असलेल्या बाळाच्या नाळेतून जन्मानंतर रक्त येत राहते आणि पुढे अशा बाईचे वारंवार गर्भपात होऊ शकतात. हे आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. जवळच्या नात्यात लग्न झाले की अशी शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, आपल्याकडेही आहे. कुटुंबात रक्तस्रावाचा इतिहास असेल तर नात्यातले लग्न ठरवण्याआधी तपासणी आणि जनुकीय सल्ला घेणे, हा त्यावरचा साधा मार्ग आहे.

‘वाहक’ या शब्दाने काय झाकले?

हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात एकच एक्स असतो, त्यामुळे तो सदोष असला की आजार दिसतो. स्त्रीमध्ये दोन एक्स असतात. एक सदोष असला तरी दुसरा काम सांभाळून घेतो, असे पूर्वी मानले जायचे. म्हणून अशा स्त्रीला ‘वाहक’ म्हटले गेले. म्हणजे आजार वाहून नेणारी, पण स्वतः निरोगी.

प्रत्यक्षात स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय होतो. कोणता होईल हे योगायोगावर ठरते. बहुतांश पेशींत चांगला एक्सच निष्क्रिय झाला तर तिच्या रक्तातला फॅक्टर इतका खाली जातो की तिला स्वतःलाच हिमोफिलिया असतो. रक्तविकारांच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेने २०२१ मध्ये याबाबतची परिभाषा बदलली. ज्या स्त्रीचा फॅक्टर चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आहे तिला आता ‘वाहक’ न म्हणता सौम्य, मध्यम किंवा तीव्र हिमोफिलिया असलेली स्त्री म्हणायचे. फॅक्टर त्याहून जास्त असूनही रक्तस्राव होत असेल तर लक्षणे असलेली वाहक, आणि तसा त्रास नसेल तर लक्षणे नसलेली वाहक. २०२५ च्या जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयही महिला आणि मुली हाच होता.

आपल्या कायद्याची भाषा मात्र अजून मागेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तीन रक्तविकारांचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट. पण त्यात हिमोफिलियाची व्याख्या करताना हा आजार सहसा केवळ पुरुषांना होतो आणि स्त्रियांकडून त्यांच्या मुलग्यांकडे जातो, असे म्हटले आहे. ‘सहसा’ या शब्दामुळे महिला कायद्याच्या बाहेर जात नाहीत, हे खरे. मात्र प्रमाणपत्राच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला "हा तर पुरुषांचा आजार" असे ऐकावे लागले, तर त्याचे मूळ या व्याख्येतही आहे. वॉन विलेब्रँडचे तर त्या यादीत नावही नाही.

विदर्भातील आपल्या कार्यकर्त्यांना ‘वाहक’ हा शब्द सिकलसेलमुळे चांगला परिचित आहे. सिकलसेलचा वाहक सहसा निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही, हे आपण लोकांना समजावत आलो आहोत आणि ते बरोबरच आहे. तोच अर्थ हिमोफिलियाच्या वाहक महिलेला लावला की मात्र गफलत होते. शब्द एकच असला तरी आजार वेगळे आहेत. हिमोफिलियाच्या प्रत्येक वाहक स्त्रीचा फॅक्टर एकदा तरी तपासला गेलाच पाहिजे.

निदान का होत नाही?

पहिले कारण मापाचे. पाळीत किती रक्त जाणे ठीक, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. वैद्यकीय हिशेबात एका पाळीत ऐंशी मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव. पण घरी कोणी मिलिलिटर मोजत नाही. म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. पाळी सात-आठ दिवसांपेक्षा जास्त चालते. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागते. रात्री पॅड बदलायला उठावे लागते. रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात. यापैकी काहीही वारंवार होत असेल तर ते ‘होतंच असं’ या सदरात टाकता येत नाही.

दुसरे कारण लाजेचे आणि विटाळाच्या कल्पनेचे. ज्या गोष्टीविषयी घरात बोलायचेच नाही, ती मोजणार कशी? कापड वापरून, अंधारात धुऊन, आडोशाला वाळत घालणाऱ्या बाईला रोज किती कापडे लागली हे सांगता येत नाही. त्यात दुखणे अंगावर काढणे हा बाईचा गुण मानला जातो. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, आजारी कोणाला म्हणायचे हे शरीर एकटे ठरवत नाही, घरही ठरवते. ज्याच्या मजुरीवर घर चालते त्याचे दुखणे लगेच दिसते, जिच्या कामावर घर चालते तिचे दिसत नाही.

तिसरे कारण रक्तक्षयाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी असेल तर एखादीचे रक्त कमी असण्यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या द्यायलाच हव्यात. पण माठाला भोक आहे का हे न पाहता वरून पाणी ओतत राहिले तर माठ भरत नाही. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर रक्त जाते कुठे, हा प्रश्न विचारला पाहिजे.

चौथे कारण व्यवस्थेचे. पाळीच्या तक्रारीसाठी बाई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. तिथे गर्भाशयात गाठ आहे का हे सोनोग्राफीत पाहिले जाते. रक्ताच्या आजाराचा दरवाजा वेगळा आणि तो बहुतेकदा मोठ्या शहरात. शिवाय या तपासण्याही सरळ नाहीत. वॉन विलेब्रँड सौम्य असेल तर रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. ताण, संसर्ग आणि गरोदरपणात या प्रथिनाची पातळी वाढते, त्यामुळे त्या काळात आजार झाकला जातो. बाळंतपणानंतर ती पुन्हा खाली येते आणि घरी गेल्यावर काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होऊ शकतो. म्हणून एकदा तपासणी नॉर्मल आली की विषय संपला, असे नसते.

शेवटी उपाय म्हणून गर्भाशयच काढून टाकले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यामागे बुडणारी मजुरी, कामाच्या ठिकाणची गैरसोय आणि नफेखोरी अशी कारणे होती. तो प्रश्न स्वतंत्र आहे. पण त्यातून एक धडा इथेही लागू होतो. बाईच्या रक्तस्रावाचे कारण शोधण्यापेक्षा अवयव काढणे व्यवस्थेला सोपे वाटते. रक्तस्रावाचा आजार असेल तर ती शस्त्रक्रियाच जिवावर बेतू शकते, आणि ती करूनही आजार रक्तात तसाच राहतो.

शिबिरात काय घडते?

शिबिराच्या पहिल्याच सत्रात प्रत्येकीला एक तक्ता देण्यात आला. त्यावर थोडे भिजलेले, मध्यम भिजलेले आणि पूर्ण भिजलेले अशी पॅडची तीन चित्रे होती. थोड्याला एक गुण, मध्यमला पाच, पूर्ण भिजलेल्याला वीस. गाठींचे गुण वेगळे. एका पाळीची बेरीज शंभराच्या पुढे गेली तर रक्तस्राव जास्त आहे असे समजायचे. नावनोंदणीच्या अर्जावर पाळी ‘साधारण’ असे लिहिणाऱ्या कितीतरी जणींची बेरीज शंभर ओलांडून गेली. काही वेळ कोणी काही बोलले नाही. मग एकीने शेजारणीचा तक्ता पाहिला, दुसरीने तिसरीचा. घराबाहेरचे माप पहिल्यांदाच हातात आले होते.

हिमोफिलिया असलेल्या मुलांच्या आया मोठ्या संख्येने होत्या. मुलाचा फॅक्टर किती टक्के, कोणत्या गुडघ्यात कधी रक्तस्राव झाला, इंजेक्शन किती युनिटचे, हे त्यांना तोंडपाठ होते. "तुमचा स्वतःचा फॅक्टर किती?" असे विचारल्यावर मात्र बहुतेकींना उत्तर देता आले नाही. वर्षानुवर्षे मुलाला घेऊन त्याच रुग्णालयात जाणाऱ्या या बायकांचे स्वतःचे रक्त कधी तपासलेच गेले नव्हते. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक असतात, त्यांचीही तीच गत. भावाला इंजेक्शन मिळते, बहिणीला "जरा कळ काढ" असे सांगितले जाते.

डॉक्टरांच्या सत्रात प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता द्यायचे होते. त्यामुळे एरवी कोणी विचारले नसते असे प्रश्न आले. दाढ काढायची आहे, चालेल का? लग्नाआधी सांगायचे का? पहिल्या रात्री जास्त रक्त गेले, तो हाच आजार होता का? तांबी बसवू का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखे आहे. तांब्याच्या तांबीने पाळीतला रक्तस्राव वाढू शकतो. संप्रेरक सोडणारी दुसऱ्या प्रकारची तांबी तो कमी करते आणि या आजारांत उपचार म्हणूनही वापरली जाते. लोक दोन्हींना तांबीच म्हणतात, म्हणून कोणती हे विचारून घ्यावे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, डेस्मोप्रेसिन, गरजेनुसार फॅक्टरचे इंजेक्शन असे अनेक उपाय उपलब्ध आहेत. प्रत्येकीसाठी कोणता, हे निदानानंतर डॉक्टर ठरवतात.

किशोरींचे सत्र आयांपासून वेगळे घेतले. पाळीच्या दिवसांत शाळा बुडते, शेवटच्या बाकावर बसावे लागते, खेळाच्या तासाला आजारी असल्याचे सांगावे लागते, हे त्या हळूहळू बोलू लागल्या. दुसरीलाही तसेच होते हे कळल्यावर आवाज मोठे झाले.

सगळ्यात अवघड विषय अपराधीपणाचा होता. "माझ्यामुळे पोराला झालं" हे वाक्य अनेक आया मनात घेऊन जगतात आणि सासर ते रोज जागे ठेवते. इथे शास्त्र त्यांच्या बाजूने उभे राहते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. कोणाला काय मिळेल हे कोणाच्याही हातात नसते. हिमोफिलियाच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कधीच नसतो, जनुकात नव्याने बदल झालेला असतो. हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा माहिती मिळाली. पण रात्री दिवे मालवल्यावर, गाद्या एकमेकींना लावून झोपलेल्या बायका आपापसात बोलल्या तेव्हा ओझे हलके झाले. निवासी शिबिराचे महत्त्व इथे आहे. दोन तासांच्या व्याख्यानातून माहिती मिळते, पण मुक्कामाशिवाय विश्वास तयार होत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने स्वतःचा एक कागद तयार केला. आजाराचे नाव, फॅक्टरची पातळी, रक्तगट, चालणारी आणि न चालणारी औषधे, उपचार केंद्राचा फोन. मग डॉक्टरसमोर दोन मिनिटांत आपली तक्रार कशी मांडायची याचा सराव झाला. "खूप जातं" असे न म्हणता "दर दीड तासाला पॅड बदलते, आठ दिवस चालते, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन आठच्या वर जात नाही" असे म्हणायचे. आकड्यांत बोलणाऱ्या बाईचे म्हणणे सहजासहजी टाळता येत नाही.

शिबिर घ्यायचे तर कसे?

अशी शिबिरे भरवण्यात रुग्णांच्या संघटनांचा पुढाकार असतो. हिमोफिलिया फेडरेशन इंडिया ही संघटना १९८३ पासून काम करते, तिचा महिलांचा स्वतंत्र गट आहे आणि मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत शाखा आहेत. स्थानिक महिला मंडळे आणि युवक संघटना त्यांच्यासोबत एक दिवसाचा मेळावा किंवा निवासी शिबिर घेऊ शकतात. मात्र काही पथ्ये पाळावी लागतील.

स्वच्छतागृहे पुरेशी हवीत, पाणी चोवीस तास हवे, झाकणाच्या कचराकुंड्या हव्यात. गाद्यांवर गडद चादरी आणि खाली प्लास्टिक हवे, म्हणजे डाग पडण्याच्या भीतीने कोणी रात्रभर जागी राहणार नाही. लहान मुले सांभाळायला माणसे हवीत. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला निदान प्रवासखर्च मिळावा. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण एका फोटोने कोणाचे तरी ठरलेले लग्न मोडू शकते. शिबिरात औषध कंपन्यांची जाहिरात नको. पती, वडील आणि भाऊ यांच्यासाठी अर्धा दिवस स्वतंत्र सत्र ठेवावे, कारण दवाखान्यात नेण्याचा निर्णय बहुतेक घरांत अजून तेच घेतात.

शिबिराने आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शिबिरानंतर तपासणी झाली नाही तर बाई पुन्हा घरच्या मापाकडे परत जाते. म्हणून शिबिर संपताना प्रत्येकीच्या तपासणीची तारीख आणि सोबत कोण जाणार हे ठरलेले असावे.

आपण काय करू शकतो?

पहिले, पाच प्रश्न विचारायला शिकू. पाळी किती दिवस चालते? पॅड किंवा कापड किती वेळाने बदलावे लागते? दात काढल्यावर, शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणानंतर रक्त थांबायला त्रास झाला होता का? नाकातून वारंवार रक्त येते का, किंवा मार न लागता अंगावर डाग पडतात का? घरात आणखी कोणाला असे होते का? दोन-तीन उत्तरे ‘हो’ आली तर रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. निदान आपण करायचे नाही, रस्ता दाखवायचा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि काही जिल्हा रुग्णालयांतील हिमोफिलिया डे केअर केंद्रे येथेही चौकशी करता येते.

दुसरे, धोक्याच्या गोष्टी माहीत असू द्या. निदान झालेल्या किंवा संशय असलेल्या मुलीला दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. त्याऐवजी पॅरासिटामॉलबाबत डॉक्टरांना विचारावे. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेण्यापूर्वी आजार सांगावा. पहिल्याच पाळीत रक्त थांबत नसेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसरे, रक्तदान. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे मोठी रक्तदान शिबिरे घेतात. दान केलेल्या एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या करता येतात. प्लाझ्मापासून बनणारे क्रायोप्रेसिपिटेट आठवा फॅक्टर, तेरावा फॅक्टर आणि वॉन विलेब्रँड प्रथिन पुरवते, आणि फॅक्टरचे इंजेक्शन मिळत नाही तिथे जीव वाचवते. ग्लान्झमनच्या रुग्णाला प्लेटलेट्स लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून दोन दिवसांत विक्रमी पिशव्या जमवण्यासोबत वर्षभर थोडे थोडे रक्तदान होईल अशी आखणी करायला हवी. घटक वेगळे करण्याची सोय असलेल्या रक्तपेढीलाच बोलवावे.

चौथे, कागदपत्रे. हिमोफिलियाचे निदान झालेल्या महिलेला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यासाठी अर्ज करायला सोबत द्या. कायद्यातील व्याख्या बदलावी आणि इतर रक्तस्रावाचे आजारही यादीत यावेत, ही मागणी निवेदनांतून लावून धरली पाहिजे.

जागतिक हिमोफिलिया दिन १७ एप्रिलला असतो, जयंतीनंतर तीनच दिवसांनी. त्या आठवड्यात वस्तीत मंडप असतो, माइक असतो, माणसे जमलेली असतात, महिला मंडळाचा एखादा कार्यक्रमही ठरलेला असतो. त्यातला एक तास बायका-मुलींसाठी राखून ठेवा. पॅडच्या चित्रांचा तक्ता छापायला फारसा खर्च येत नाही. तो हातात द्या, कसा भरायचा ते समजावून सांगा आणि ज्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाईल त्यांच्यासोबत दवाखान्यात जाण्यासाठी दोन कार्यकर्त्यांची नावे तिथेच ठरवा.